दूध तोडायची गोळी

पहिल्या बाळंतपणाला मी नांदेडहून माहेरी, जळकोटला गेले होते. मुलगी झाली. आई रोज अळिवाची खीर करायची आणि मी वाटी संपवेपर्यंत समोरून हलायची नाही. दूधही भरपूर होतं. पोर पिता पिता झोपून जायची.

मग पायांवर सूज आली. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून मी भिंतीला उशी लावून बसल्या बसल्याच डुलकी काढायचे. आई म्हणायची, "ओल्या बाळंतिणीला येतीच की सूज." मलाही तसंच वाटायचं. एका सकाळी न्हाणीतून खोलीकडे येताना मी दाराची चौकट धरून खालीच बसले. तेव्हा भावानं गाडी काढली आणि लातूर गाठलं. नवरा नांदेडहून थेट तिथंच आला.

हृदयाची सोनोग्राफी करताना डॉक्टरबाई पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. नंतर त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. बाळंतपणाच्या सुमारास काहीजणींचं हृदय सैल पडतं, रक्त जोरानं ढकलत नाही. अंगात दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन अशा बायकांत तुटतं आणि त्याचा तुकडा हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतो, असं मानतात. ते हार्मोन थांबवायची गोळी मिळते.

"गोळी घेतली की दूध बंद होईल," त्या म्हणाल्या.

"अन् हृदय बरं होईल?" नवऱ्यानं विचारलं.

"बऱ्याच जणींचं होतं. यांचं होईलच, असं मी सांगू शकत नाही."

बाहेर बाकावर आई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. ऐकून म्हणाली, "लेकराच्या तोंडचं काढून घ्यायचं?" मी गोळी घेतली. सोबत सूज उतरायला लघवीच्या गोळ्या, रक्त गोठू नये म्हणून पोटात इंजेक्शन, आणि अळणी जेवण.

दूध हळूहळू आटलं. जवळ घेतलं की मुलगी तोंडानं पदर धुंडाळायची, मग रडायची. आई तिला उचलून नेई आणि बाटली देई. काही दिवसांत ती माझ्याजवळ आल्यावरही शोधेनाशी झाली.

नांदेडला परतल्यावर पुन्हा तपासणी झाली. हृदय होतं तसंच होतं, किंचित जास्तच थकलेलं. आईला फोनवर सांगितलं.

"म्हंजे दूध बी गेलं, अन्..." एवढंच बोलून तिनं फोन भावाकडे दिला.

आता मुलगी बालवाडीत जाते. माझी शाळेतली नोकरी सुटली. दुसरं मूल होऊ द्यायचं नाही, जीव जाईल, असं डॉक्टरांनी बजावलंय. सासू त्यावर माझ्यासमोर बोलत नाही, स्वयंपाकघरात माझ्या नवऱ्याशी हळू आवाजात बोलते. मला ऐकू येतं. तो काय उत्तर देतो ते मात्र येत नाही.

जिना चढताना मुलगी पूर्वी माझ्यापुढे हात पसरायची. हल्ली ती माझ्याकडे बघतही नाही, सरळ बापाच्या कडेवर जाते. दोघं वर पोचतात. मी कठड्याला धरून मधल्या पायरीवर थांबते.