झाकणावरचं नाव

मायक्रोस्कोपखाली घशाचा तुकडा असायला हवा होता आणि मला दिसत होतं नाक.

मी पॅथॉलॉजिस्ट. माजिवड्याला माझी लॅब आहे. सर्जन शरीरातून जो तुकडा काढतात, तो तपासून आजार ओळखायचा, हे माझं काम. संशय हा माझा स्वभावच. घरचे वैतागतात, पण लॅबमध्ये तो उपयोगी पडतो.

तुकडा कोळीवाड्यातल्या एका मावशींचा होता. मासळी विकणाऱ्या. कित्येक महिने आवाज बसलेला. डोंबिवलीच्या सर्जननी त्यांच्या स्वरतंतूवरची गाठ काढून पाठवली होती. कॅन्सर आहे की नाही, एवढाच प्रश्न.

स्वरतंतू बोलताना सतत एकमेकांवर आपटतात, म्हणून त्यांच्यावर चपट्या पेशींचे थरावर थर असतात. नाकाला धूळ झाडायची असते, म्हणून तिथल्या उभ्या पेशींना वर बारीक केस असतात. माझ्यासमोर केसाळ अस्तर होतं आणि त्याखाली पाण्याने फुगलेला भाग. सरळसरळ पॉलिप, म्हणजे ॲलर्जीवाल्यांच्या नाकात वाढतो तो निरुपद्रवी कोंब.

पहिला संशय माझ्याच लॅबवर. टेक्निशियनला बोलावलं.

"मॅडम, मी एका वेळी एकच बाटली उघडते. तुमचीच शिस्त आहे."

त्याच सर्जनकडून त्या दिवशी आणखी एक बाटली आली होती, एका कंपनीतल्या सुपरवायझरची. नाकातला पॉलिप. ती स्लाइड लावली. चपट्या पेशी, विस्कटलेल्या, अस्तर फोडून खाली घुसलेल्या. कॅन्सर. बाटल्या हातात घेतल्या तर दोन्ही कोऱ्या. नावं फक्त झाकणांवर.

सर्जनना फोन लावला.

"मॅडम, स्वरयंत्रातही काही ठिकाणी केसाळ अस्तर असतं."

"असतं. असा पॉलिप नसतो. आणि सुपरवायझरच्या नाकात तुम्हाला कॅन्सर वाटला होता?"

"छे!"

"मग नाव झाकणावर का चिकटवता?"

"सिस्टरची पद्धत आहे. बाटलीवर फॉर्मलिन ओघळलं की शाई पुसते."

फॉर्मलिन म्हणजे तुकडा सडू नये म्हणून बाटलीत ओततात ते औषध.

"ते ओतताना दोन्ही झाकणं एकदम उघडलेली का, सिस्टरना विचारा."

थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. आवाज उतरलेला. "उघडलेली. असं करा, रिपोर्ट अदलाबदल करून द्या."

"देणार नाही. अंदाजावर कुणाच्या गळ्याला रेडिएशनचा शेक द्यायचा नाही. मावशींचा तुकडा पुन्हा घ्या. त्या माणसाचंही नाक दुर्बिणीने नीट तपासा."

"पुन्हा भूल द्यायची? त्यांना काय सांगू, तुकडा कमी पडला?"

"खरं सांगा. चूक झाली म्हणून सांगा."

त्यांनी सांगितलं, हे मात्र मान्य करायला हवं. दुसऱ्या तुकड्यात कॅन्सर निघाला, पण सुरुवातीचा. रेडिएशनवर भागलं. सुपरवायझरचं नाक स्वच्छ होतं. पहिला रिपोर्ट गेला असता तर मावशी निर्धास्त घरी बसल्या असत्या आणि तो बिचारा नसलेल्या कॅन्सरने खचला असता.

आता सर्जनकडे नाव बाटलीच्या अंगावर असतं. धडा एवढाच, झाकण निघतं, बाटली निघत नाही.

परवा मावशी रक्त तपासायला लॅबमध्ये आल्या. टेक्निशियनने सुई काढली तसा त्यांनी हात मागे घेतला आणि सगळ्या लॅबला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "थांब गो बाय! पयलं नाव लिव. नलीवर. झाकनावर नको."