दिवाणाखालची चप्पल

आमच्या गुंड्याला चपला पळवायची खोड आहे, पण हा कुत्रा त्या चावत नाही. घरातलं कुणी बाहेर निघणार असलं की त्याची एकच चप्पल उचलतो, दिवाणाखाली नेतो आणि तिच्यावर हनुवटी टेकून पडून राहतो. पाहुण्यांनाही सोडत नाही. भावानं बॅग भरायला घ्यायच्या आधीच त्याची चप्पल गेलेली असते. माणसाचं जाणं उंबरठ्यावर सुरू होत नसावं. त्याच्या कितीतरी आधी त्याचा वास सुटत असावा. आम्ही आपले हसतो, शिव्या घालतो आणि बिस्किट दाखवून चप्पल सोडवून आणतो.

आई चार महिने अंथरुणावर आहे. तिच्या चपला दाराशी तशाच आहेत. केर काढताना मी त्या उचलते आणि पुन्हा जागेवर ठेवते. गुंड्यानं इतक्या दिवसांत त्यांना नाकसुद्धा लावलं नव्हतं.

आज सकाळी तिथे एकच चप्पल होती.

मी आईच्या खोलीत डोकावले. तिनं पेज संपवली होती, चेहरा रोजच्यापेक्षा टवटवीत होता.

"काय गं, अशी काय बघतेस?"

"काही नाही," म्हणाले, आणि बिस्किट घेऊन दिवाणापाशी वाकले. अंधारातून गुंड्याचे डोळे माझ्याकडे बघत होते. शेपूट हलत नव्हतं.

मी बिस्किट परत डब्यात ठेवलं.

"धरून ठेव रे बाबा," म्हटलं, "सोडू नकोस."