एरंडाचं पान आणि धाकटी जाऊ

सासूबाई गेल्यापासून आबांच्या गुडघ्यांचं सगळं मीच बघत होते. रोज संध्याकाळी परसातलं एरंडाचं पान तोडायचं, तेल चोपडून तव्यावर शेकायचं आणि सुजलेल्या गुडघ्याला बांधायचं. आमचे हे कायम ड्युटीवर. घरात माझ्याशी दोन शब्द बोलणारं माणूस म्हणजे सासरेच.

पण कौतुक कुणाचं? धाकट्या सुनेचं! सुलक्षणा धुळ्याला कॉलेजात झाडापानांचं शिकवते. संक्रांतीला आली आणि मी पान बांधत असताना खुर्चीत बसून म्हणाली, "अक्का, जरा उलटं करा ना ते. बघा आबा, बहुतेक पानांना देठ कडेला असतो, याचा पोटात शिरतो. याला पेल्टेट म्हणतात. ग्रीक लोकांची पेल्टे नावाची छोटी ढाल असायची. ढालीची मूठ मागे मध्यावर असते ना, तसा हा देठ. त्यावरून नाव पडलं."

झालं! दारात दूधवाला येवो की पाहुणा, आबा गुडघा दाखवून सांगायचे, "या पानले ढालनं नाव शे! मनी सुलक्षणानी सांगं."

'माझ्या सुलक्षणाने सांगितलं' म्हणे! शेकताना बोटं कुणाची भाजली, ते कुणी विचारलं नाही. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

होळीला कॉलनीतली पोरं एरंड मागायला आली. होळीच्या मधोमध एरंड लागतोच. दर वर्षी मी एक फांदी द्यायची. यंदा म्हटलं, "मुळासकट न्या रे!" देवाचं काम, त्यात माझं काय चुकलं? म्हटलं, पान नाही तर ढालही नाही आणि सुलक्षणाही नाही.

दोन दिवस आबा गुडघा चोळत बसले. मग पिशवी भरायला लागले.

"मंजुळा, आठे आते पान नही. मी धुळाले जास. सुलक्षणाना घरमागे बठ्ठं एरंडच शे."

तिच्या घरामागे म्हणे सगळा एरंडच! स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

ते गेले त्याच दिवशी परसात बी टोचलं. आता झाड छातीएवढं झालंय. काल एक पान उलटून बघितलं. देठ पोटातच होता. जळलं मेलं, खरंच बोलली होती ती!

सवयीने पान तोडलं, तेल लावलं, शेकलं. बोट भाजलं तेव्हा आठवलं, बांधायला गुडघा धुळ्याला आहे.