पाचवी अट

आमच्या चर्चमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी, सगळे मिळून पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, म्हणतात; पाप मनात दडवून ती भाकर आणि द्राक्षारस घेऊ नये, अशी शिकवण. माझा आवाज खणखणीत — पस्तीस वर्षं कोथरूडच्या एका शाळेत शिकवलंय — त्यामुळे तो पुढच्या चार बाकांना ऐकू जातो. पण आता लिहिते आहे ते त्या आवाजात कधी आलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला नाही. आणि देवाला? त्यालाही गोलमोलच.

गोष्ट माझ्या धाकट्या भावाची आहे. सुहासची. तो फौजेत होता, सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि पुण्याजवळ मांजरीला घर बांधून राहिला. मला अक्का म्हणायचा. आमचे वडील चर्चचे प्रचारक. ख्रिस्ती माणसाने लढावं का, हा प्रश्न त्यांना लोक नेहमी विचारायचे, आणि मुलगा फौजेत गेल्यावर तर जरा खोचकपणेच विचारायचे. वडील शांतपणे सांगत, आपला गाल पुढे करावा, पण शेजाऱ्याचा गाल पुढे करायचा हक्क आपल्याला कोणी दिला? मग युद्ध न्याय्य ठरायच्या पाच अटी ते बोटांवर मोजून दाखवत. कारण न्याय्य हवं. युद्ध पुकारणारी सत्ता रीतसर हवी. बाकीचे सगळे मार्ग संपलेले हवेत. होणारं नुकसान टाळलेल्या अनर्थाहून मोठं नको. आणि पाचवी — लढणाऱ्याच्या मनात द्वेष नको, शत्रूच्या यातनांत आनंद नको. आम्हा दोघांना हे पाढ्यांसारखं पाठ होतं.

दहा वर्षांपूर्वी आमच्या तरुण संघाने मला चर्चच्या हॉलमध्ये याच विषयावर बोलायला सांगितलं. त्याच कार्यक्रमात सुहासचा सत्कार होता. आमच्यासारख्यांना देशप्रेम थोडं मोठ्याने दाखवावं लागतं, असं आमच्यातल्या पुष्कळांना वाटतं. मलाही वाटतं — खोटं कशाला बोलू? सुभेदाराची बहीण म्हणून त्या दिवशी मी नवी साडी काढून ठेवली होती.

आदल्या दुपारी मी बिबवेवाडीच्या घरी टिपणं काढत बसले होते, तेव्हा सुहास स्कूटरवरून आला. अटी काढल्यास का, म्हणाला. वाचून दाखव, म्हणाला. मी वाचल्या. पाचवी त्याने पुन्हा एकदा वाचायला लावली. मग सांगू लागला.

सीमेवरच्या एका चकमकीची गोष्ट. हुकूम योग्य होता, कारण योग्य होतं, त्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. गोळीबार थांबल्यावर पलीकडचा एक जखमी दगडाला टेकून पाणी मागत होता. सुहासजवळ भरलेली बाटली होती. त्याच सकाळी त्याचा जिवलग मित्र गेला होता. तो त्या माणसासमोर जाऊन बसला आणि सावकाश, घोट घोट, सगळं पाणी स्वतः प्यायला. तो माणूस मरेपर्यंत तिथेच बसून राहिला.

"मला बरं वाटत होतं, अक्का," तो म्हणाला. "हे पाप आहे ना? तू तोंडाने सांग. पाप म्हणालीस तर मला क्षमा तरी मागता येईल."

किती सोपं मागणं होतं! हो म्हणायचं होतं. त्याचा हात धरायचा होता, बरोबर प्रार्थना करायची होती. वडिलांनी तेच केलं असतं.

मी म्हणाले, "युद्धात असं होतंच. तू काही केलेलं नाहीस." आणि चहा टाकायला उठले. चहा गाळताना ब्लेझर इस्त्री केलास का, पदकं लावणार आहेस ना, असंही विचारलं. तो "हो" म्हणाला.

तो गेल्यावर मी टिपणांतली पाचवी अट खोडली.

दुसऱ्या दिवशी मी चारच अटी सांगितल्या. तो पहिल्या रांगेत बसला होता. टाळ्या पडल्या, शाल घातली, फोटो निघाले. पायऱ्या उतरताना तो हळूच म्हणाला, पाच होत्या. मी म्हटलं, वेळ कमी होता.

त्याला सांभाळण्यासाठी केलं, अशी मी माझी समजूत घालत आले. पण पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाचं तबक त्याच्यापुढे आलं आणि त्याने काही न घेता ते शेजाऱ्याकडे सरकवलं, तेव्हा मला पहिला विचार कोणता आला असेल? लोक काय म्हणतील, हा. मग कसली सांभाळणारी मी?

आणि लोक म्हणालेच. चर्चच्या कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तो पितो-बितो का? मी म्हणाले, छे हो, द्राक्षारसाने त्याला ॲसिडिटी होते. इतकं खुळचट खोटं — पण चाललं. लोकांनी ते प्रेमाने उचलून धरलं. कोणी कोकम पाठवलं, कोणी आवळ्याची सुपारी. सुहास सगळ्यांचे आभार मानायचा. त्याने मला एकदाही खोटं पाडलं नाही. त्याला पाप नाही असं सांगून मी त्याची क्षमा अडवून ठेवली होती, हे मला कळत होतं. दर महिन्याला, तबक सरकताना, कळत होतं. तरी नऊ वर्षं मी मूग गिळून बसले, आणि त्याच हॉलमध्ये मुलांना पापक्षमेचे धडे देत राहिले.

गेल्या वर्षी त्याचं यकृत बिघडलं. शेवटच्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमाराला, पाळकसाहेब भाकर आणि पेला घेऊन हॉस्पिटलात आले. खोलीत आम्ही सात-आठ जण होतो. पाळक नवे होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी प्रार्थना केली आणि पेला पुढे धरला. सुहासने माझ्याकडे पाहिलं. मग हात उचलला — सुया टोचलेला हात. पेल्याच्या दिशेने.

माझी भावजय बघत होती. ते कमिटीवाले वडीलधारे बघत होते. आता तो प्यायला तर नऊ वर्षांच्या ॲसिडिटीचं काय सांगायचं?

"त्याला चालत नाही ते," मी म्हणाले.

सुहासने हात चादरीवर ठेवला. पुन्हा उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला.

पाळकसाहेबांनी पेला लगेच झाकला नव्हता. माझ्याकडे बघत ते तसेच उभे राहिले होते — मिनिटभर, कदाचित जास्तच. त्यांना घाई नव्हती. बोलायला मला भरपूर वेळ होता.