भाकरीवालीची हनुवटी

आमच्या बागेत कारंज्याजवळ ब्राँझची एक बाई बसली आहे. मांडीवर भाकरीचं फडकं, नजर फाटकाकडे. गिरणी कामगाराची वाट पाहणारी बायको, असं पाटीवर लिहिलंय. लोक तिला भाकरीवाली म्हणतात. चेहरा मात्र धोंडीराम माळ्याच्या दगडाबाईचा, आणि ते पाटीवर नाही. पाट्या लिहिणाऱ्यांना माळ्याची बायको कशाला ठाऊक असणार?

धोंडीराम माढ्याकडचा. दगडाबाई रोज दुपारी त्याची भाकरी घेऊन यायची आणि झाडांना पाणी घालून होईपर्यंत हौदाच्या कट्ट्यावर बसून राहायची. पुतळ्याचं काम मिळालेल्या शिल्पकारानं तिला न सांगताच तिचा चेहरा उचलला. अनावरणाच्या दिवशी स्वतःचंच तोंड बघून ती अशी बिथरली, की महिनाभर बागेत फिरकली नाही.

चार वर्षांनी ती तापानं गेली. पोरबाळ नव्हतं आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. तेव्हापासून धोंडीराम दर सोमवारी चिंच आणि विटेची भुकटी घेऊन यायचा आणि घरातली घागर घासावी तशी भाकरीवालीला घासायचा. निवृत्त झाला तरी येतच राहिला. वीस वर्षं. मी रोज फिरायला जाणारा रिकामटेकडा. एकदा म्हटलं, अहो, चकाकतेय ती, पुरे आता. तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पुतळ्याच्या संगतीत वाण नाही पण गुण लागतो म्हणतात, ते काही खोटं नाही.

गेल्या हिवाळ्यात पुतळ्याची डागडुजी करायला चेतना नावाची मुलगी आली. तो शिल्पकार आता हयात नाही. ही त्याची विद्यार्थिनी. त्याच्या टिपणांची वही तिच्याकडे होती. तिनं वाचून दाखवलं, 'हनुवटीवर गोंदण, तीन ठिपके.' मग हनुवटीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. घासून घासून ठिपके कधीच निघून गेले होते.

धोंडीरामच्या तोंडाकडे बघवेना. मला तर त्या मुलीचाच राग आला. पण पोरगी मायेची होती. म्हणाली, बाबा, ठिपके पुन्हा कोरता येतील, फक्त नेमके कुठे होते तेवढं सांगा. मधोमध, की जरा डावीकडे?

त्यानं डोळे मिटले. मग उघडून पुतळ्याकडे बोट केलं.

"डोळं मिटलं तरी हीच दिसती, ताई," तो म्हणाला. "आमची दगडाबाई कशी दिसायची, ते आता न्हाय की आठवत."