मुराळ्याची दोन सीटची गाडी

गरम म्हणजे काय हे अजिबात न कळणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो माझा मामा आहे. उकळता चहा तो बशीत ओतत नाही, फुंकत नाही, पाणी प्यावं तसा पितो आणि वर मामीला म्हणतो, "जरा गरम करून आणायचास की." माझ्या लग्नात, ऐन मे महिन्यात, सगळं वऱ्हाड सावली शोधत होतं तेव्हा हा कोट घालून आचाऱ्याच्या भट्टीशेजारी खुर्ची टाकून बसला होता. विट्याकडच्या पुष्कळ पोरांसारखा तो मिसरूड फुटायच्या आधीच सोनं गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात कोइमतूरला गेला आणि सगळी उमर भट्टीपुढं काढली. सोनं पातळ होताना रोज बघणाऱ्याला घरातलं काहीच तापलेलं वाटत नसावं.

दुसरी खोड केराची. गलाईच्या दुकानातला केर कुणी फेकत नाही. तो धुऊन त्यातले सोन्याचे कण काढतात. मामानं धंदा पोरावर सोपवला आणि गावाकडं आला, पण ही सवय बरोबर घेऊन आला. त्याच्या घरून निघणाऱ्याला उंबऱ्यावर पाय झटकावे लागतात. मत मागायला आलेल्या उमेदवारानंही झटकले, आणि मामानं ती धूळ नीट सुपात भरून घेतली.

आणखी एक गोष्ट त्यानं बरोबर आणली. जुनी, लाल, जमिनीला टेकलेली, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. ती पहिल्यांदा गावात शिरली तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "बाकीची मागनं येनार हाय व्हय?" ही गाडी कशासाठी, ते मामीच नेमकं सांगायची. "बहिणीला गाडी, आन् बायकोला येष्टी."

ते खरं होतं. आमच्याकडं नागपंचमीला लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझी आई मामाची थोरली बहीण. आईचे वडील होते तोवर तेच यायचे. ते गेल्यावर कुणी आलं नाही. पंचमीला शेजारच्या बायका माहेरी निघायच्या आणि आई दारात उभी राहून सांगायची, माझा भाऊ लांब हाय. मामाला हे कळलं होतं. म्हणून गावी आल्याच्या पहिल्याच पंचमीला, आईचे गुडघे चालतात तोवर, त्याला गाडी घेऊन मुराळी व्हायचं होतं.

आणि पंचमीच्या तोंडावर गाडीनं वाफ सोडली. तापमानाचा काटा महिनाभर लाल रेघेवर पडून होता. मामीनं दाखवलाही होता. मामा म्हणाला होता, पडू दे, एवढ्याला काय गरम म्हणत्यात? इंजिनभोवती पाणी फिरवणारा वॉटर पंप गळून गळून गेला होता. मेकॅनिकला तो हात लावू देईना. नवा पंप कोइमतूरहून मागवला आणि मला फोन केला, "भाच्या, दुरुस्तीचा व्हिडिओ इंग्रजीत हाय. तू बी.ए. हायस न्हवं?" आमच्या भावकीत कॉलेज पुरं करणारा मी पहिला, हे सांगायला मी कधी लाजलो नाही. पण माझी पदवी घरच्या कामी आली ती त्या दिवशी, अंगणात, पोत्यावर पालथं पडून.

मी मोबाइल धरून सांगत होतो, मामा करत होता. पाणी काढलं, पट्टा उतरवला. प्रत्येक बोल्ट तो धुतलेल्या धोतरावर सोन्यासारखा मांडायचा. गाडीशी मात्र तमिळमध्ये बोलायचा. ती तिकडची, तिला मराठी कळत नाही म्हणे. नवा पंप बसला आणि एक बोल्ट कमी भरला. मग सगळं अंगण झाडलं, केर परातीत धुतला. बोल्ट निघाला, आणि मामीची कधीची हरवलेली नाकातली सोन्याची मोरणीही निघाली. त्या दिवसापुरती मामी गाडीविरुद्ध काही बोलली नाही.

इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. मामानं उघडा तळवा रेडिएटरवर टेकवला. "कोमट हाय," म्हणाला. हात काढला तर तळव्यावर टरारून फोड. तो त्याकडं दुसऱ्याचा हात असल्यासारखा बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी पंचमी. आमचं गाव औंधच्या पलीकडं. आई पहाटेपासून नवं लुगडं नेसून पिशवी घेऊन बसली होती. गाडी आली, तशी ती दोन दारं टाकून उगीचच शेजारणीला हाक मारून आली. मामानं तिला बसवलं, पण गाडी सुरू करेना. चिंधी बांधलेला हात तिच्यापुढं धरून म्हणाला, "आक्का, मला गरम कळत न्हाई आता. भट्टीनं खाल्लं समदं. तू सांग, तसा मी थांबतो."

आईनं त्याची बोटं एकेक करून दाबून पाहिली.

मी मागून मोटारसायकलवर होतो. औंधच्या डोंगराखाली गाडी थांबली. आई गुडघा धरत उतरली, डोंगरावरच्या यमाईला खालूनच हात जोडले, मग बॉनेटवर तळवा टेकवून उभी राहिली. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"कोमट हाय," ती म्हणाली. "चल."

आता आईचे गुडघे त्या बुटक्या गाडीत शिरू देत नाहीत. गाडी ताडपत्रीखाली असते आणि पंचमीला मुराळी येष्टीनं येऊन एक दिवस राहून जातो. आई चहा करते, कप स्वतःच्या तळव्यावर धरून बसते. मामा समोर हात पुढं करून थांबतो. ती देईपर्यंत थांबतो.