गॅरंटी कोण?

मी चांगला कारागीर होतो, हे आधीच सांगून टाकतो. नम्रपणा मला जमत नाही आणि जमवायला गेलो तर लोकांना वाटतं, मी काहीतरी लपवतोय. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भाईंदरमध्ये रेडिओ उघडून तसाच बंद करणारे तिघेचौघे होते. उघडून बोलता करणारा मी एकटा. मुंबईत एका दुकानात चार वर्षं हात काळे केले आणि चोविसाव्या वर्षी स्टेशनच्या पश्चिमेला, एका किराणा दुकानाच्या ओट्यावर स्वतःचं बाकडं टाकलं. मागच्या भिंतीवर पाटी लावली: रेडिओ, ट्रान्झिस्टर दुरुस्ती. सहा महिने गॅरंटी.

'गॅरंटी' हा शब्द मी पेंटरकडून 'रेडिओ'पेक्षा मोठ्या अक्षरांत लिहून घेतला होता. वडील रत्नागिरीकडून येऊन इथल्या मिठागरात मुकादम झालेले. त्यांनी पाटी वाचली आणि म्हणाले, "जेवायला वेळेवर येण्याची गॅरंटी नाही तुझी, आणि लोकांना सहा महिन्यांची देतोयस?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हा शब्द तेव्हा भाईंदरमध्ये सगळ्यांच्या तोंडी होता, पण त्याचा अर्थ ज्याचा त्याचा वेगळा. ओट्याचे मालक, किराणावाले शेठ, साबणाच्या वडीलाही "गारंटीवाला माल है" म्हणायचे. म्हणजे परत आणू नका. फलाटावर एखादा म्हणायचा, "आज गाडी लेट, गॅरंटी." म्हणजे त्याला नुसती खात्री असायची. आमच्या आळीतल्या एका दारुड्याबद्दल बायका म्हणायच्या, "त्याची काही गॅरंटी नाही." आणि डॉक्टर "मी गॅरंटी देत नाही" म्हणाले की घरात रडारड सुरू व्हायची. हमी, खात्री, भरवसा असे चांगले शब्द घरात असताना सगळ्यांना हाच लागायचा. मलाही लागायचा. हमी म्हटलं की सरकारी कागद आठवतो, भरवसा म्हटलं की देव. गॅरंटी म्हटलं की गिऱ्हाईक रेडिओ ठेवून जातं. माझ्या लेखी तिचा अर्थ सरळ होता: सहा महिन्यांत बिघडला तर घेऊन या, फुकट करून देतो. यात रेडिओ माझ्याकडे यायचा असतो. मी रेडिओकडे जायचं नसतं.

नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी उत्तनकडून येणाऱ्या बसमधून एक म्हातारी उतरली. चौक गावची. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, गळ्यात काळ्या दोऱ्याला क्रूस, आणि काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ट्रान्झिस्टर. तिने तो बाकड्यावर ठेवला.

"ह्यो बोलत न्हाय," ती म्हणाली.

मी उघडला तर आत मिठाचा थर आणि माशाचे दोन खवले. मला हसू आलं, तिला नाही आलं. तिचा एकुलता एक मुलगा मासेमारीची बोट चालवायचा. आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तो दोन रात्रींसाठी बाहेर समुद्रात गेला आणि नेमका हा रेडिओ बंद पडला. वादळाची सूचना आली ती गावातल्या बाकीच्या बोटींनी ऐकली आणि त्या परतल्या. याने काही ऐकलंच नाही. तो पाचव्या दिवशी आला, फाटलेल्या जाळ्यानिशी. "तवर मी रेतीवर बसून व्हते," ती म्हणाली. "आला तवा पयला थोबाडला त्याला. मंग रडले."

तो रेडिओ मी जीव लावून केला. दोन दिवस साफसफाई, सेलची नवी स्प्रिंग, दोन तारा बदलल्या. ती न्यायला आली तेव्हा आवाज इतका मोठा लावला की शेठ आतून ओरडले. मग ऐटीत म्हणालो, "सहा महिने गॅरंटी, मावशी."

"कोन?"

"कोण म्हणजे?"

"गारंटी कोन हाय?"

मला कळेना. तिने समजावलं, मास्तरीणबाई समजावतात तसं. त्यांच्या गावात बोटीवर अनोळखी खलाशी घ्यायचा तर त्याच्यासाठी गावातला एक जण उभा राहतो. त्या उभं राहणाऱ्यालाच ते गारंटी म्हणतात. खलाशी आयत्या वेळी आला नाही, तर त्याच्या जागी गारंटीने बोटीवर जायचं. तेव्हा गारंटी म्हणजे माणूस. आणि माणूस असल्याशिवाय ती गारंटी कसली?

आता हिला कोण समजावणार, असं माझ्या मनात आलं. पाटीकडे बोट दाखवणार होतो, पण तिला वाचता येत नव्हतं. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मी. मीच गॅरंटी."

तिने मला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं. मग मान हलवली आणि रेडिओ काखेत मारून बस धरली. त्या दिवशी घरी जेवताना मी ही गोष्ट सांगितली आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी तिचा मुलगा बाकड्यापुढे येऊन उभा राहिला. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा, रुंद खांद्यांचा, मोजकं बोलणारा. "आय बोलावते," तो म्हणाला. "रेडू बंद झाला."

"मग आण की. संध्याकाळपर्यंत करून देतो."

"रेडू न्हाय. आय बोलली, गारंटीला घेऊन ये."

मी त्याला सगळं सांगितलं. पाटी दाखवली. दुकानदाराची गॅरंटी वेगळी आणि खलाशाची वेगळी, हे दोनदा सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिला सांग."

सांगायलाच निघालो. शेठना म्हटलं, माझ्या आईला निरोप द्या, जेवायला येतोय. पिशवीत हत्यारं टाकली. चौकला पोचलो तेव्हा पाणी चढलं होतं, बोटीत बर्फ भरून झाला होता आणि म्हातारी किनाऱ्यावर रेडिओ धरून उभी होती. बोट दोन रात्रींसाठी जाणार होती.

"मावशी, हा मी दुकानात नेतो. उद्या मिळेल."

"बोट आज जाते."

"मग बोटीला उद्या जाऊ दे."

"पोरगा थांबत न्हाय. बर्फ भरलाय." तिने रेडिओ माझ्या हातात दिला. "रेडू न्हाय, तर तू जा. तूच बोल्ला ना, मी गारंटी?"

मी म्हणालो, मला हवामानातलं काही कळत नाही. मी म्हणालो, मला पोहता येत नाही. ती म्हणाली, "खलाशी पोवत न्हाय, बोटीत बसतो." आजूबाजूला जाळी आवरणारी पाचसहा माणसं हात थांबवून माझ्याकडे बघत होती. नाही म्हणता आलं असतं. पण 'मी' हा शब्द मी माझ्या तोंडाने, छातीवर हात ठेवून उच्चारला होता, आणि तो गिळायला माझा अहंकार तयार होईना. पँट वर दुमडली आणि चढलो.

किनारा दिसेनासा होण्याच्या आधीच मी पहिल्यांदा ओकलो. नंतर मोजायचं सोडून दिलं. मधल्या वेळात गुडघ्यांत रेडिओ धरून उघडला आणि मला माझी लाज वाटली. बिघाड रेडिओचा नव्हता, माझा होता. मी घातलेली नवी चकचकीत स्प्रिंग गंजून हिरवी पडली होती आणि मी जोडलेली तार खाऱ्या हवेने खाल्ली होती. भाईंदरच्या ओट्यावर वर्षभर टिकेल असं काम मी केलं होतं. हा रेडिओ कुठे जाणार आहे ते म्हातारीने मला सांगितलं होतं. मी फक्त ते ऐकलं होतं, कामात धरलं नव्हतं.

चाकूने स्प्रिंग खरवडली, तार सोलून पिळून बांधली. मुलाने इंजिनाच्या ग्रीसचा डबा पुढे सरकवला. मी जोडांवर ग्रीस थापलं. एवढी साधी गोष्ट मुंबईच्या चार वर्षांत मला कुणी शिकवली नव्हती. दुपारी रेडिओ बोलला. बातम्यांनंतर हवामान आलं: दोन दिवस समुद्र शांत, वादळाची शक्यता नाही. मी आवाज मोठा केला आणि मुकादमाच्या मुलाला शोभेल अशा आवाजात म्हणालो, "जा आता कुठे जायचं तिथे."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बोट मागे वळवली. एकच जाळं मारून झालं होतं. एक खलाशी कुरकुरला, बर्फ फुकट गेला म्हणून. "गप ऱ्हा," मुलगा म्हणाला. मला वाटलं, माझ्या ओकाऱ्या बघून त्याला दया आली. रागही आला. मी काय लहान मूल होतो?

दिवस मावळायच्या आत आम्ही किनाऱ्याला लागलो. म्हातारी रेतीवर बसली होती. मी उतरलो आणि रेडिओ वर धरून म्हणालो, "झाला, मावशी. आता पुढचे सहा महिने काळजी नाही."

तिने रेडिओकडे बघितलंही नाही. मुलाला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं, मला तेव्हा बघितलं होतं तसंच. मग मला म्हणाली, "रेडू काय, कवापन बंद होतो."

"मग मला कशाला पाठवलंस?"

"तुजी आय हाय ना घरी?"

"आहे."

"मंग? तुज्यावानी दर्या ठाव नसलेला दुसरीचा पोर बोटीत असला का माजा पोर लांब जात न्हाय. त्याला म्हाईत हाय, दुसरीच्या दारात जाऊन काय सांगाचा." ती उठली, लुगड्याची रेती झटकली. "रेडू बोल्ला असता तरी तो गेला असता. तू व्हतास म्हनून सांजेला घरी आला."

तीन महिने मी समजत होतो की या बाईला गॅरंटीचा अर्थ कळलेला नाही. गोष्ट सांगून माणसं हसवली होती. तिला तो माझ्यापेक्षा, शेठपेक्षा, पाटी रंगवणाऱ्या पेंटरपेक्षाही पक्का कळला होता. तिने मला भात आणि बोंबलाचं कालवण वाढलं. माझ्या पोटात अन्न राहत नव्हतं, तरी ती समोर बसून राहिली आणि मी ताट संपवलं.

दुसऱ्या दिवशी बोट पुन्हा निघाली, या वेळी खरोखर दोन रात्रींसाठी. रेडिओ बोटीवर होता आणि मी माझ्या ओट्यावर. काम पुढ्यात पडलं होतं, पण हात चालेना. प्रत्येक बातम्यांना मी दुकानातला रेडिओ लावायचो आणि हवामान लागलं की गिऱ्हाइकाला हाताने गप्प करायचो. एकाने विचारलं, "तुमचं कोण आहे समुद्रात?" कोणीच नव्हतं. तरी "आहे एक" म्हणालो. ती तार मी पिळून बांधली होती, कथलाचा डाग देऊन पक्की केली नव्हती, हे मला एकट्याला माहीत होतं. त्या दोन दिवसांत माझा सगळा ताठा उतरला. आईने विचारलं, जेवत का नाहीस, तर तिच्यावरच खेकसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तनची बस थांबली आणि म्हातारी उतरली. काखेत काही नव्हतं, डोक्यावर माशांची पाटी नव्हती, बाजाराची पिशवीही नव्हती. ती सरळ माझ्या बाकड्यापाशी आली.

"आला घरी," ती म्हणाली. "तुला सांगाया आले."

आणि त्याच बसने परत जायला वळली. मी पुढे उघडून ठेवलेल्या रेडिओत डोकं खुपसलं आणि बराच वेळ वर काढलं नाही.